अपडेट रात्रभर चालतं, सकाळी विंडोज जुनीच: सात वर्षं रखडलेलं अपग्रेड कसं पार पडलं

काकांचं लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान बार्शीत, मी पुण्यात. त्यांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा आणि वाक्य ठरलेलं असायचं, "अरे, परत तेच झालंय बघ." रात्री दुकान बंद करताना अपडेट लावून जायचं. सकाळी शटर उघडून बघावं तर निळ्या पडद्यावर 'अनडूइंग चेंजेस मेड टु युवर कॉम्प्युटर' (केलेले बदल मागे घेतोय), आणि अर्ध्या तासाने समोर कालचीच विंडोज. दिवाळीनंतर तीन दिवस तिथे मुक्काम ठोकला आणि काम पुरं केलं. असंच मशीन घरात किंवा दुकानात अडकून पडलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

मशीन २०१२ सालचं आहे. दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आलं तेव्हा त्यावर ३२ बिटची, म्हणजे जुन्या प्रकारची, विंडोज ७ होती. मायक्रोसॉफ्टची फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपत होती, त्याच्या आदल्या आठवड्यात ते विंडोज १० वर नेलं. पुढे २०१८ मध्ये १८०३ ही आवृत्ती बसली आणि गाडी तिथेच थांबली. त्या वर्षी ऐन लग्नसराईत अपडेटने दोन तास मशीन अडवून धरलं होतं. समोर पत्रिकेचं प्रूफ न्यायला आलेली माणसं ताटकळत बसलेली. काकांनी त्याच दिवशी कुणाकडून तरी अपडेटची सर्व्हिसच बंद करून घेतली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मग "लग्नसराई उरकू दे", "शाळेचे दाखले संपू दे", "दिवाळीनंतर बघू" असं करत वर्षं गेली; अपडेट परत चालू केलं ते गेल्या वर्षभरात.

पण १८०३ ला मिळणारी सुरक्षा अपडेट १२ नोव्हेंबर २०१९ ला बंद झाली, आणि त्या मशीनवर अर्ध्या गावाची आधार कार्डं, सातबारे आणि पासबुकं स्कॅन होतात. मला काळजी होती ती याची.

विंडोज ११ चा विचार आम्ही पाच मिनिटांत सोडला. ती ३२ बिटमध्ये येतच नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर मानते. अटी चुकवून बसवायच्या युक्त्या आहेत, पण ज्या मशीनवर कुणाचं पोट आहे तिथे मी त्या करणार नाही. विंडोज १० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तरी घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, आणि ती फक्त २२एच२ या शेवटच्या आवृत्तीलाच. म्हणजे तिथवर पोचणं भागच होतं.

या सगळ्यातून मला जे कळलं ते आधीच सांगतो. 'परत तेच झालं' हे खरं नसतं. पडदा तोच दिसतो, कारण दर वेळी वेगळं असू शकतं. इतकी वर्षं रखडलेल्या मशीनमध्ये अडथळे एकामागे एक रांगेत उभे असतात. पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नाही. म्हणून दर अपयशानंतर एरर कोड, म्हणजे काय अडलं ते सांगणारा क्रमांक, कागदावर लिहून घ्या. कोड बदलला तर तुम्ही एक पायरी पुढे गेलात. कोड तोच असेल तर पुन्हा लावून काही होणार नाही. काकांनी वर्षभरात तेरा-चौदा वेळा अपडेट लावलं होतं आणि एकदाही कोड टिपला नव्हता.

सुरुवात घड्याळापासून

पहिल्या सकाळी मशीन चालू केलं तर तारीख १ जानेवारी २०११. काका म्हणाले, "ते रोजचंच आहे, मी करतो बरोबर." दुकान बंद करताना ते मेन स्विच पाडतात, त्यामुळे रोज सकाळी तारीख मागे जायची आणि ते हाताने दुरुस्त करायचे. कितीतरी वर्षं हे चाललं होतं आणि त्याचा अपडेटशी काही संबंध असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

संबंध असा. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मशीनला २०११ साल वाटत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं. मग ब्राउझर कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो आणि अपडेटचा सर्व्हरही जोडला जात नाही. काकांनी तारीख बरोबर केली की ब्राउझर चालायचा, पण अपडेटचं अर्धवट राहिलेलं डाउनलोड तसंच लटकून राहायचं.

दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा. सीआर२०३२, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानात सहज मिळते. मल्टिमीटर लावला तर जुनीत १.४ व्होल्ट उरले होते. बदलायला पाच मिनिटं लागतात: वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, बाजूची खिट्टी नखाने सरकवा, बॅटरी वर उडते. नवीन बसवताना अधिकचं चिन्ह वर.

फक्त त्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅटरी काढली की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. त्यात हार्ड डिस्कचा मोड (मशीनने डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलटा झाला तर विंडोज सुरूच होत नाही, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळा पडदा येतो. डिस्क मेली असं समजून लोक फॉरमॅटला निघतात. फोटो असेल तर मोड परत जागेवर ठेवायला अर्धा मिनिट पुरतो.

अपग्रेडला हात लावण्याआधी

डिस्कची तब्येत बघितली. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे दाखवणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर चालतं. त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब झालेले आणि संशयास्पद तुकडे) या दोन ओळी पाहायच्या. काकांच्या डिस्कवर दोन्ही शून्य निघाले. शून्य नसतील तर आधी डेटा बाहेर काढा आणि एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) घ्या, आजारी डिस्कवर अपग्रेड करू नका.

डेटाच्या दोन प्रती केल्या. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी माझ्या लॅपटॉपवर. यात पत्रिका जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या फाइल, फॉन्टचं पूर्ण फोल्डर आणि उधारीच्या हिशेबाचं फॉक्सप्रोचं फोल्डर हे तीन जिन्नस मी स्वतः उघडून तपासले. तो हिशेबाचा प्रोग्रॅम काकांच्या एका मित्राने १९९८ साली डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवर लिहून दिला होता आणि काकू आजही त्यातच नोंदी करतात.

मग काकांना म्हटलं, दिवसभरात काय काय उघडता ते लिहा. त्यांनी एका जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अकरा गोष्टी लिहिल्या. हा कागद जपून ठेवला, शेवटी तोच कामाला आला.

जागा

आपल्याकडे मशीन जोडून देणारे सी ड्राइव्ह लहान ठेवतात आणि उरलेल्याचे डी, ई करतात. काकांचा सी ५० जीबीचा होता, त्यात मोकळे ५. अपग्रेडला निदान २० मोकळे असावेत. नाहीतर ०एक्स८००७००७० हा कोड येतो, म्हणजे जागा नाही.

सगळ्यात जास्त जागा डाउनलोड्स फोल्डरने खाल्ली होती. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कागदपत्रं, २०१८ पासूनची. एका आजोबांचं आधार, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला, कुणाचं कर्जाचं पत्र. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि काही काळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हे ठेवायचं कशाला आपण?" सगळं पुसलं. तेव्हापासून दर शनिवारी ते फोल्डर रिकामं होतं. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जाचं दुकान असलेल्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे: लोकांची कागदपत्रं काम झालं की काढून टाका.

डिस्क क्लीनअप 'सिस्टम फाइल्स'सकट चालवलं, हायबरनेशन (मशीन झोपवताना मेमरी डिस्कवर साठवायची सोय) बंद केलं, डेस्कटॉपचं फोल्डर डीवर हलवलं. २४ जीबी मोकळे झाले. इतकं करूनही जागा होत नसेल तर विंडोज १० चं सेटअप बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह तात्पुरता वापरू का असं विचारतं, तेही चालतं.

सेटअप कुठून लावायचं

रात्रीच्या आपोआप अपडेटवर भिस्त ठेवू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने २२एच२ ची आयएसओ फाइल (पूर्ण विंडोज एकाच फाइलमध्ये) उतरवून घ्या आणि चालू विंडोजमधूनच सेटअप उघडा. यात दोन सापळे आहेत. तुमची विंडोज ३२ बिटची असेल तर आयएसओही ३२ बिटचीच लागते. आणि भाषा जुळायला हवी: 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत. यातलं काही चुकलं तर सेटअप चालतच नाही किंवा 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय करडा होतो. तो करडा दिसला तर पुढे जाऊ नका, बंद करून योग्य आयएसओ आणा.

आम्ही मुद्दाम ३२ बिटच ठेवली. ६४ बिटवर गेलं तर सगळं कोरं बसवावं लागतं आणि डॉसचे जुने प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. काकूंची उधारीची वही बंद पडली असती.

१०० एमबीची कोंडी

दुसऱ्या दिवशी सकाळी सेटअप लावलं आणि थोड्याच वेळात नवीन संदेश आला: सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही. कोड ०एक्ससी१९००१०४. जागेचा कोड नव्हता, नवा होता; मला हायसं वाटलं.

हे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, कुठल्याच ड्राइव्हच्या यादीत दिसत नाही. मशीन सुरू करणाऱ्या फाइल त्यात असतात. विंडोज ७ ते १०० एमबीचं करायची, विंडोज १० कोरी बसवली तर त्याच्या काही पट मोठं करते. पण ७ वरून अपग्रेड केलेल्या मशीनमध्ये ते जुनंच १०० चं राहतं. त्यातच काही अँटिव्हायरसही आपलं सामान ठेवतात. सेटअपला तिथे साधारण १५ एमबी मोकळे लागतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पाहिलं तर ९ होते.

म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर सहा एमबी कमी पडत होते आणि त्यापायी वर्षभर रात्री वाया गेल्या.

डिस्क मॅनेजमेंटमधून त्या पार्टिशनला तात्पुरतं वाय हे अक्षर दिलं. आत बूट फोल्डर, त्यात फॉन्ट्स. मशीन सुरू होतानाच्या पडद्यावर चिनी, जपानी, कोरियन अक्षरं दाखवता यावीत म्हणून ठेवलेले फॉन्ट त्यात होते, सगळे मिळून दहा एमबीच्या वर. बार्शीतल्या मशीनला त्यांची कधीच गरज पडणार नाही. हे फॉन्ट काढायची वाट मायक्रोसॉफ्टच्याच मार्गदर्शनात आहे. फाइलींना हात लावायला आधी मालकी घ्यावी लागते: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून टेकओन आणि मग आयकॅक्ल्स या दोन कमांड. मी फॉन्ट पुसले नाहीत, डी ड्राइव्हवर हलवले, म्हणजे चुकलं तर परत ठेवता येतील. मोकळी जागा २१ एमबी झाली. वायचं अक्षर काढून टाकलं.

बूटएमजीआर, बीसीडी या मशीन सुरू करणाऱ्या फाइल आणि इंग्रजीचं फोल्डर यांना चुकूनही हात लावू नका, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. हे करताना हात कापत असेल तर जाणत्याला शेजारी बसवा. एसएसडी घेणारच असाल तर याची गरज नाही: जुन्या डिस्कची नक्कल करतानाच हे पार्टिशन ५०० एमबीचं करून घ्या.

दुसऱ्या रीस्टार्टनंतर माघार

आता सेटअप पुढे गेलं. मशीन एकदा रीस्टार्ट झालं, टक्के वाढले, दुसऱ्यांदा रीस्टार्ट झालं आणि पुन्हा तोच निळा पडदा. काका चहाचा कप हातात धरून मागे उभे होते. "झालं ना परत तेच?" मी म्हटलं, "नाही काका, कोड बघू." कोड होता ०एक्ससी१९००१०१.

या कोडमागे बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे एखादं यंत्र विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, असतो. सी ड्राइव्हवर एक लपलेलं फोल्डर तयार होतं, नाव डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं आणि बीटी अक्षरांनी संपतं. त्यात सोर्सेस, त्यात पँथर, तिथे सेटअपच्या नोंदी असतात. त्या वाचणं किचकट आहे. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं छोटं फुकट टूल त्याच नोंदी वाचून कशाने अडलं ते साध्या फाइलमध्ये लिहून देतं. आमच्या फाइलमध्ये मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या हार्डवेअर लॉकचा (ते चालायला यूएसबीत खोचायच्या किल्लीचा) ड्रायव्हर निघाला, विंडोज ७ च्या काळातला.

तो काढला. २०१९ ला लायसन्स संपलेला अँटिव्हायरस त्याच्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढला. कंट्रोल पॅनेलमधून काढला तर ड्रायव्हर मागे राहू शकतात. अंगठ्याच्या मशीनचा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही उतरवला, पण आधी दोन्हींची नवी फाइल उतरवून ठेवूनच. मग कीबोर्ड आणि माउस सोडून सगळ्या यूएसबी वायरी उपसल्या: प्रिंटर, स्कॅनर, लॉक, टोकन. नेटची वायरही काढली आणि सेटअपमध्ये आत्ता अपडेट नको हा पर्याय निवडला, म्हणजे ते मध्येच नवे ड्रायव्हर आणायला जात नाही.

रात्री अकराला लावलं. साडेतीनला डेस्कटॉप आला, पार्श्वभूमीवर विठोबाचा तोच फोटो. आवृत्ती तपासली: २२एच२.

दुसऱ्या दिवशीची कुरबूर

सकाळी पेजमेकर उघडल्यावर एक घोळ समोर आला आणि डीटीपी करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. पूर्वीचे फॉन्ट जागेवर होते. काकांनी एक नवा फॉन्ट डबल क्लिक करून बसवला, तो यादीत येईना. १८०९ पासून विंडोज १० फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसवू शकते आणि पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. कोरी विंडोज बसवली असेल आणि मंगल हा मराठी फॉन्ट गायब असेल तर सेटिंग्जच्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या. १९०३ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच आहे, त्यासाठी वेगळं काही बसवायची गरज नाही.

फॉक्सप्रो पहिल्यांदा उघडताना एनटीव्हीडीएम (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा भाग) बसवू का असं विचारतं. हो म्हणायचं, नेट चालू ठेवायचं. लॉकचा नवा ड्रायव्हर टाकला, लॉक लागलं.

मग विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन सगळी अपडेट घेतली आणि 'एनरोल नाऊ' दाबून वाढीव मुदतीत नाव नोंदवलं. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. सेटिंग्ज सिंक करायला तयार असाल तर पैसे पडत नाहीत.

जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये दहा दिवस राहते, तोवर सेटिंग्जमधून परत जाता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप चालवू नका. नवव्या दिवशी मी काकांना फोन लावला आणि तो पत्रिकेमागचा कागद समोर घ्यायला सांगितला. एकेक नाव ते वाचत गेले, एकेक उघडत गेले. दहा गोष्टी चालल्या. अकरावी होती डॉट मॅट्रिक्सवर उधारीची यादी छापणं. ती काकूंनी करून बघितली, आणि फोनवर मला प्रिंटरची करकर ऐकू आली.